तोंडी नकार घेऊ नका

“आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही.” “स्पेशल स्कूल बघा, मुलाच्याच हिताचं आहे.” “डॉक्टर आज आले नाहीत, पुढच्या बुधवारी या.” “योजना आहे हो, पण निधीच आलेला नाही.” ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी ही वाक्यं इतक्या वेळा ऐकलेली असतात, की समोरच्याने तोंड उघडायच्या आतच ते पिशवी उचलतात. ही वाक्यं कागदावर मात्र सहसा कुणी लिहून देत नाही. मुख्याध्यापक देत नाहीत, कारकून देत नाही, बँकेचा अधिकारी देत नाही. लिहून दिलं की ते कायद्याच्या विरुद्ध आहे, हे त्यांनाही दिसतं आणि वरच्या अधिकाऱ्यालाही.

पालकांबरोबर बसून अर्ज लिहिण्याचं काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या मुलांसाठी आपल्या देशात कायदा आहे, नियम आहेत, राज्याचे जीआर आहेत, न्यायालयांचे स्पष्ट निकालही आहेत. गाडी अडते ती तोंडी नकारावर. तो ऐकून आपण घरी येतो आणि त्या दिवसाची कुठेही नोंद उरत नाही. म्हणून या लेखात योजनांची मोठी यादी दिलेली नाही. कोणत्या वयात, कुणाकडे, काय लेखी मागायचं आणि नकार आला तर तो कागदावर कसा आणायचा, एवढंच सांगते.

थोडं मागचं सांगायला हवं, कारण हे हक्क आपोआप मिळालेले नाहीत. अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा सात प्रकार मानत होता आणि त्यांत ऑटिझम नव्हता. मूल समोर दिसत होतं, पण कायद्याला दिसत नव्हतं. पालकांच्या आणि संस्थांच्या रेट्यातून १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार स्थितींपुरता आहे. भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्याला धरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि पुढे ज्या कलमांचा मी उल्लेख करणार आहे ती बहुतेक याच कायद्यातली आहेत. या कायद्याची प्रत घरात ठेवा. मराठीतही ती मिळते.

पहिला कागद: प्रमाणपत्र

पुष्कळ घरांत प्रमाणपत्र काढायला वर्षानुवर्षं टाळाटाळ होते. “एकदा शिक्का बसला की बसला,” ही भीती मला समजते. पण कागद काढल्याने मूल बदलत नाही, आणि तो नसला की अर्जाच्या पहिल्याच खिडकीवर आपण थांबतो. लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र मुदतीचं असतं आणि वाढत्या वयात पुन्हा तपासणी होते, त्यामुळे आज काढलेला कागद म्हणजे जन्माचा निकाल नव्हे.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी म्हणजे यूडीआयडी कार्डासाठी करायचा. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे, आणि अर्ज दोन वर्षं पडून राहिला तर तो निष्क्रिय होऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून अर्ज भरल्यावर येणारा नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि तारीख उलटली की सिव्हिल सर्जनच्या नावाने दोन ओळींचं स्मरणपत्र द्या.

ऑटिझमच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नसलेल्या ठिकाणी नुसती बुद्ध्यांकाची चाचणी घेऊन बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र हातात देण्याचा प्रकार घडतो. मग चांगला बुद्ध्यांक असलेल्या ऑटिस्टिक मुलीला काहीच मिळत नाही, कारण “हिला तर सगळं येतं.” ऑटिझमची तीव्रता मोजायला आयएसएए ही भारतीय मापनपट्टी आहे. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि ७० पासून पुढे ऑटिझम मानला जातो. तपासणीला जाताना “आयएसएए करून घ्यावी” असं अर्जातच लिहा. सोबत थेरपिस्टचे अहवाल, शाळेचा अभिप्राय, आणि मूल घरी कसं वागतं याची तुमच्या शब्दांतली एक पानभर हकिगत जोडा. तपासणीच्या दहा मिनिटांत मूल शांत बसलं म्हणून त्याची रात्ररात्र जागण्याची, ठरावीक तीनच पदार्थ खाण्याची, मिक्सर लावला की घराबाहेर पळण्याची गोष्ट मंडळाला कशी कळणार?

प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा. ते द्यावंच लागतं, आणि कलम ५९ नुसार त्याविरुद्ध अपील करता येतं. मिळालेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. पुण्याहून बेंगळुरूला किंवा रत्नागिरीहून पणजीला बदली झाली तर “आमच्या राज्यातलं आणा” असं कुणी म्हणू शकत नाही.

आकड्याचंही नीट समजून घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. आरक्षण आणि बहुतेक आर्थिक योजना तिथून सुरू होतात. पण भेदभाव न होण्याचा आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांवर अवलंबून नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. ३० टक्क्यांचं प्रमाणपत्र हातात असेल तरी हा निकाल तुमच्या बाजूने आहे.

मूल अजून लहान असेल आणि निदानच झालेलं नसेल, तर प्रमाणपत्राआधी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. लोक त्याला डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायला हवी. तिथून शिफारस झाली तर उत्तमच. तपासणीचं पथक आलंच नाही, तरी थेट जायला काही हरकत नाही. दोन वर्षांचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर “मुलगे उशिरा बोलतात” म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकत बसू नका.

शाळेच्या दारात

सगळ्यात जास्त तोंडी नकार इथे मिळतात, म्हणून इथे जरा थांबते.

कलम १६ सांगतं की शासनमान्य किंवा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोय करायची. शासनमान्य या शब्दात खासगी विनाअनुदानित शाळाही येतात. कलम ३१ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि या दोन्हींतली निवड कुटुंबाची आहे, मुख्याध्यापकांची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावणं हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. “मुलाला घेऊन या, जरा बोलून बघतो” ही मुलाखत त्यातच मोडते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलं वंचित गटात धरली जातात, त्यामुळे खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठीही त्यांचा अर्ज करता येतो.

हे सगळं पाठ करून मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. वादाने माणूस हट्टाला पेटतो आणि उद्या त्याच शाळेत आपलं मूल सहा तास बसणार असतं. शांतपणे घरी या आणि असं पत्र लिहा:

“माझी मुलगी, वय ७ वर्षे, हिच्या इयत्ता दुसरीतील प्रवेशासाठी मी अमुक तारखेला आपल्या शाळेत आले होते. तिला ऑटिझम असल्याने प्रवेश देता येणार नाही, असे मला तोंडी सांगण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासनमान्य शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश देणे बंधनकारक आहे. तरी तिला प्रवेश द्यावा. प्रवेश नाकारायचा असल्यास त्याची कारणे सात दिवसांत लेखी कळवावीत, ही विनंती. प्रत माहितीसाठी: गटशिक्षणाधिकारी.”

शाळेच्या कार्यालयात दोन प्रती न्या, एका प्रतीवर सही-शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. घ्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ईमेलही चालतो. बऱ्याचदा या पत्रावरच काम होतं. नाही झालं, तर पुढे शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाताना हेच पत्र तुमच्या हातातला पहिला पुरावा असतं.

प्रवेश मिळाल्यावर खरी मेहनत सुरू होते. वाजवी सोय हवी असं मोघम लिहून काही मिळत नाही, कारण वर्गशिक्षिकेच्या वर्गात पन्नास मुलं आहेत आणि तिने नेमकं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. आपणच एका पानावर लिहून द्यावं. मुलाला काय आवडतं, कशाने घाबरतो, घाबरला की काय करतो आणि तेव्हा काय केल्याने शांत होतो. मधल्या सुट्टीची घंटा त्याच्या वर्गाशेजारीच असेल तर त्याची जागा दुसरीकडे. गॅदरिंगच्या स्पीकरपासून दूर बसायची किंवा कानाला हेडफोन लावायची मुभा. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत, बाकावर चिकटवलेलं. एका वेळी एकच सूचना. शू लागल्याचं बोलून सांगता येत नसेल तर त्याची खूण. अशा आठ-दहा नेमक्या मागण्या, त्याही पैसे न लागणाऱ्या, असल्या की कोणतीही भली बाई त्या मान्य करते, आणि भल्या बाया आपल्या शाळांत पुष्कळ आहेत.

“सावलीशिक्षिका तुम्हीच आणा आणि पगार तुम्हीच द्या, नाहीतर मूल नेऊन ठेवा घरी,” अशी वर्गात मुलासोबत बसणाऱ्या मदतनिसाची अट घातली जाते. ती लेखी मागा आणि कोणत्या नियमाखाली घातली आहे हे विचारा. सोबत तालुक्याच्या गटसाधन केंद्राला अर्ज द्या. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक तिथे नेमलेले असतात आणि शाळेला भेट देणं हे त्यांचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिक शाळांत दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असं ठरवून दिलं, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदं अधिसूचित करायला सांगितलं. तुमच्या तालुक्यात किती पदं मंजूर आहेत, किती भरली आहेत, हा माहिती अधिकारात विचारायला उत्तम प्रश्न आहे.

दहावी-बारावीच्या सवलती म्हणजे जादा वेळ, लेखनिक, विषयातली सूट वगैरे. त्या शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून मंजूर करून घ्याव्या लागतात. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून हाती काही लागत नाही. नववीतच शाळेला पत्र द्या, आणि त्याआधीच्या इयत्तांतही याच सवलती वर्गाच्या परीक्षेत मागा. लेखनिकाबरोबर उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. ज्या मुलाने ते आयुष्यात प्रथमच मार्च महिन्यात करायचं, त्याची अवस्था काय होईल याचा विचार करा.

पैशाचं थोडक्यात

राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमाछत्र मिळतं. आधी वैद्यकीय तपासणी नाही, आधीपासूनची स्थिती म्हणून नकार नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. पैसे आधी आपण भरायचे आणि मग परत मागायचे, म्हणून प्रत्येक बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत अर्ज करता येतो.

महाराष्ट्रात गरीब कुटुंबातल्या दिव्यांगांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. या योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. आयकर भरणाऱ्यांनी जुनी करप्रणाली निवडली असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी ७५ हजारांची, आणि ८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाखाची वजावट मिळते. ८०डीडी म्हटलं की कोणत्याही सीएला कळतं. सरकारी नोकरीत असाल तर मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व तुमच्या सेवापुस्तकात आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांत आजच नोंदवा. कुटुंब निवृत्तिवेतन अशा मुलाला हयातभर मिळू शकतं, पण वडील गेल्यानंतर आईने हे सिद्ध करत फिरणं फार जड जातं.

अठरा पूर्ण होण्याआधी

हा टप्पा पालकांना सगळ्यात जास्त बेसावध पकडतो. अठरावा वाढदिवस झाला की कायद्याच्या नजरेत तुमचा मुलगा स्वतंत्र सज्ञान माणूस असतो. त्याच्या नावावरच्या बँक खात्यावर, शस्त्रक्रियेच्या संमतीवर, जमिनीच्या कागदावर तुमची सही पालक म्हणून आपोआप चालत नाही. आई असणं तिथे पुरत नाही.

राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे तिघे सदस्य. कलम १४ नुसार ही समिती कायदेशीर पालक नेमते. आई आणि वडील मिळून अर्ज करू शकतात, एकेकटेही करू शकतात, नातेवाईकही करू शकतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, नात्याचा पुरावा, पालकत्व स्वीकारणाऱ्याची संमती एवढे कागद तयार ठेवा. बँकांनी हे पालकत्वाचं प्रमाणपत्र मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलेलं आहे, म्हणून “कोर्टातून ऑर्डर आणा” असं बँकेत म्हटलं तर तेही लेखी मागा. कुटुंब निवृत्तिवेतनासाठीही हे प्रमाणपत्र चालतं.

पालक नेमला म्हणजे मालकी मिळाली असं मात्र नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पालक हयगय करत असेल किंवा पैशाचा गैरवापर करत असेल तर कलम १७ नुसार त्याला काढता येतं. ही तरतूद भावाबहिणींनाही आधीच सांगून ठेवा. त्यामुळे पुढची पुष्कळ भांडणं टळतात.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, कारण इथे आपण पालकच कधीकधी मुलांच्या आड येतो. प्रत्येक तरुणाला पालक लागतोच असं नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, ज्यात निर्णय व्यक्ती आणि पालक मिळून घेतात, ठरावीक बाबीपुरते आणि ठरावीक काळापुरते. तुमची मुलगी सही करते, एटीएम वापरते, आपल्याला कोणती नोकरी नको हे ठामपणे सांगते, तर तिच्यावर संपूर्ण पालकत्वाचा कागद चढवण्याची घाई कशाला? तिला बँकेत घेऊन जा, अधिकाऱ्याशी तिलाच बोलू द्या, अडलं तिथे मदत करा. आपण गेल्यावर तिला कुणीतरी सांभाळावं ही काळजी खरी आहे, पण तिचं म्हणणं ऐकणारी चार माणसं गोळा करणं हाही त्या काळजीचाच भाग आहे. ज्याला खरोखरच पूर्णवेळ आधार लागतो त्याच्यासाठी स्थानिक समितीचा मार्ग आहेच, आणि तो वेळेवर घ्यावा.

मृत्युपत्र करा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे लक्षात ठेवा. मुलाच्या नावावर थेट मोठी रक्कम ठेवण्यापेक्षा खासगी न्यास करून त्यातून त्याचा दरमहाचा खर्च भागवणं बहुतेकदा सुरक्षित ठरतं. यासाठी वकिलाचे दोन पैसे खर्च झाले तरी होऊ द्या.

तक्रार कुठे करायची

प्रत्येक सरकारी कार्यालयात २०१६ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी असला पाहिजे आणि त्याने तक्रारींची नोंदवही ठेवली पाहिजे. आधी तिथे अर्ज करा. तिथे दाद लागली नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्त. महाराष्ट्राचं हे आयुक्तालय पुण्यात आहे. वकील लावायची गरज नाही. काय घडलं, कधी घडलं, कोणतं कलम मोडलं आणि तुम्हाला काय हवं आहे, हे दोन पानांत लिहा आणि पोच असलेले सगळे कागद तारखेप्रमाणे लावून जोडा. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते जे देतात ती शिफारस असते, हे आधीच माहीत असावं, म्हणजे निराशा होत नाही. मात्र कलम ८१ नुसार संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत त्यावर कारवाई करून कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं तुम्हालाही द्यायची असतात. म्हणजे पुन्हा लेखी नकार हातात आला, आणि तो घेऊन उच्च न्यायालयात जाता येतं. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ मध्ये पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. मूल मारहाणीला किंवा अपमानाला बळी पडलं असेल तर कलम ९२ पाहा. त्यात सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

याच दंडाच्या कलमांची धार २०२० मध्ये बोथट होणार होती. काही गुन्हे तडजोडीने मिटवता यावेत असा केंद्राचा प्रस्ताव होता. लॉकडाऊनचे दिवस होते, कुणी रस्त्यावर येऊ शकत नव्हतं. देशभरातून दिव्यांग व्यक्तींनी, पालकांनी आणि संस्थांनी लेखी हरकती पाठवल्या आणि जुलैमध्ये प्रस्ताव मागे पडला. धोरणाच्या मसुद्यावर सूचना व हरकती मागवल्याची जाहिरात दिसली की आपल्यासारख्या साध्या माणसाच्या पत्राने काय होणार, असं म्हणून पान उलटू नका.

एकट्याने नव्हे, पाच घरांनी

एका घराचा अर्ज फाइलीत मागे पडतो. एकाच तालुक्यातल्या पाच घरांनी एकाच दिवशी दिलेला अर्ज बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतो. म्हणून थेरपीच्या बाकावर भेटणाऱ्या इतर आयांचे नंबर घ्या.

पहिलं काम कोणतं करावं असं मला विचाराल तर मी पाच टक्के निधी सांगेन. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. हे पैसे कुठून आणायचे हा प्रश्नच नाही, ते तिथे आहेत. पण ऑटिझम असलेलं मूल तीनचाकी मागत नाही, श्रवणयंत्र मागत नाही, त्यामुळे यादी करताना ते आठवत नाही. आधी माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, असे राज्याचे नियम आहेत. मजकूर असा पुरेल: “सन २०२४-२५ मधील ग्रामपंचायतीचे एकूण स्वउत्पन्न, दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के रक्कम, त्यातून प्रत्यक्ष झालेला खर्च, खर्चाच्या बाबी आणि लाभार्थ्यांची दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार संख्या यांची माहिती द्यावी.” तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील.

उत्तर हातात आलं की ते घेऊन ग्रामसभेत जा. नगरपालिका असेल तर नगरसेवकाकडे आणि मुख्याधिकाऱ्यांकडे. आणि कृपा करून हे पैसे घरटी दोन-तीन हजार वाटून घेऊ नका. त्याने कुणाचंच भलं होत नाही आणि पुढच्या वर्षी तुमच्यातच भांडणं लागतात. त्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस येणारी स्पीच थेरपिस्ट, तिला बसायला समाजमंदिराची एक खोली, थेरपीला तालुक्याला जाण्यासाठी गाडी, असं काही मागा. एका ग्रामपंचायतीच्या रकमेत ते बसत नसेल तर शेजारच्या तीन गावांनी मिळून ठराव करावा. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या.

बैठकीला तरुण मुलामुलींना बरोबर न्या. बोलता येत नसेल तर टॅबवरून, चित्रांच्या पाटीवरून, जसं जमेल तसं त्यांना त्यांचं म्हणणं मांडू द्या. सभेतल्या लोकांनी ऑटिझम हा शब्द ऐकलेला असतो, पण पंचवीस वर्षांचा ऑटिस्टिक माणूस समोर बसून आपल्याला काय हवं ते सांगतो आहे, हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

आणि जनगणनेचं विसरू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, पण त्या तक्त्यात ऑटिझमला स्वतंत्र रकाना नव्हता. आपली किती मुलं “इतर”मध्ये गेली आणि किती मोजलीच गेली नाहीत हे कोण सांगणार? २०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक दारात आला की दिव्यांगत्वाचा प्रश्न त्याने विचारला का ते पाहा. नसेल विचारला तर आपण सांगा, प्रमाणपत्र दाखवा, आणि त्याने काय नोंदवलं ते त्याच्या शेजारी उभं राहून वाचा. थेरपीच्या बाकावर ज्यांचे नंबर घेतलेत त्या घरांनाही आदल्या दिवशी एक फोन करून हे कळवा.